डोकं मागे गेलं म्हणजे गोळी पुढून आली? केनेडी हत्येतली फ्रेम 313

उद्यमबाग_टेस्टबेंच

नोव्हेंबर जवळ आला की बेळगाव-निपाणीकडच्या ग्रुपांवर झाप्रुडर फिल्मची, म्हणजे झाप्रुडर नावाच्या बघ्याने केनेडी हत्येच्या वेळी टिपलेल्या चित्रफितीची, तीच क्लिप फिरायला लागते. 22 नोव्हेंबर 1963, डलास, उघडी मोटार, आणि फ्रेम 313 ला गोळी लागून अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींचं डोकं मागे-डावीकडे जाताना दिसतं. खाली मजकूर ठरलेला: गोळी पुढच्या टेकाडावरून आली, हत्येची चौकशी करणारा वॉरेन आयोग खोटा. आयोगाचं म्हणणं असं की, मागच्या पुस्तक-गोदामाच्या सहाव्या मजल्यावरून ओस्वाल्डने तीन गोळ्या झाडल्या आणि त्यातली एक बहुधा चुकली. आयोग सगळा बरोबर होता असं मी म्हणत नाही. माझा आक्षेप "डोकं मागे, म्हणून गोळी पुढून" या एका वाक्यावर आहे.

आधी आकडे मांडू. ओस्वाल्डच्या कारकानो रायफलची 6.5 मिमीची गोळी, वजन सुमारे 10.4 ग्रॅम. अंतर 81 मीटर, तिथे पोचेपर्यंत वेग सेकंदाला 550 मीटरच्या आसपास. म्हणजे संवेग (वस्तुमान गुणिले वेग) 5.7 किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद आणि ऊर्जा जवळजवळ 1570 ज्यूल. डोकं साडेचार किलोचं धरा. गोळीचा सगळा संवेग डोक्यात जिरला तरी वेग येतो सेकंदाला सव्वा मीटर. त्या वेगाच्या डोक्याची ऊर्जा फक्त साडेतीन ज्यूल. मग उरलेले दीड हजार ज्यूल जातात कुठे? हाड फोडण्यात, आतला मऊ भाग फाकवण्यात आणि फुटलेल्या बाजूने तो बाहेर फेकण्यात.

हायड्रॉलिकवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. द्रव दाबला जात नाही, तो वाट शोधतो. 8 बार दाब, म्हणजे गॅरेजच्या कॉम्प्रेसरइतका, पाण्याला सेकंदाला 40 मीटर वेग द्यायला पुरतो. 100 ग्रॅम माल त्या वेगाने पुढे उडाला तर त्याचा संवेग 4, आणि त्याला लागणारी ऊर्जा फक्त 80 ज्यूल. समजा गोळीने निम्मा संवेग डोक्याला दिला, म्हणजे 2.85 पुढच्या दिशेने. 4 पुढे निघून गेले की डोक्याच्या वाट्याला उणे 1.15 उरतात. डोकं सेकंदाला पाव मीटर वेगाने मागे, आणि गोळी मात्र मागूनच आलेली! लुई अल्वारेझ या नोबेलविजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने 1976 मध्ये हेच मांडलं, आणि टेप गुंडाळलेल्या खरबुजांवर गोळ्या झाडून दाखवलं. खरबुजं बंदुकीकडे आली.

निपाणीकर

दादा, गणित बरोबर आहे, पण त्यातले 100 ग्रॅम आणि 40 मीटर तुम्ही घेतलेत, मोजले कोणी नाहीत. 50 ग्रॅम घ्या, संवेग 2 होतो आणि डोकं पुढे जातं. उत्तर हवं तसं वळतं.

आता खरबूज बघा. अल्वारेझने वापरली .30-06 रायफलची मऊ टोकाची शिकारी गोळी, वेग सेकंदाला 3000 फुटांच्या घरात. कारकानोची गोळी पूर्ण तांब्याच्या आवरणाची आणि कितीतरी संथ. खरबुजाची साल म्हणजे कवटीचं हाड नव्हे. साल भेदायला गोळीला काहीच पडत नाही, त्यामुळे पुढे ढकलणारा संवेग नगण्य राहतो. हाड फोडताना तो भरपूर लागतो. अमेरिकी लष्कराच्या एजवुड प्रयोगशाळेने 1964 मध्ये जिलेटिन भरलेल्या खऱ्या कवट्यांवर कारकानो झाडून पाहिली. त्या कवट्या गोळीच्या दिशेने, म्हणजे बंदुकीपासून लांब गेल्या. तिथल्याच तज्ज्ञाने नंतर हत्येचा फेरतपास करणाऱ्या संसदीय समितीसमोर ते सांगितलं आणि मागे जाण्याचं कारण म्हणून स्नायूंचा झटका पुढे केला. एकाच हालचालीला बचावाची दोन वेगवेगळी कारणं, असं का?

आणि आयोगाने लिहिलं म्हणून मान तुकवा, हे बेळगाव सीमावादावरचा महाजन अहवाल वाचलेल्या सीमाभागातल्या माणसाला सांगू नका.

खानापूर_फिजिक्स

महाजन अहवालावर आपण भांडतो ते खेडं घटक धरा, सलगता बघा, भाषेची बहुसंख्या मोजा असं म्हणून. गावागावाचे आकडे मांडतो, नुसता संशय नाही. इथेही तेच करू.

हालचाल बाजूला ठेवा, हाड बघा. खिडकीच्या जाड काचेला छर्रा लागला की लागलेल्या बाजूला बारीक भोक आणि पलीकडे शंकूसारखा रुंद टवका उडतो. कवटीचंही तसंच: आत शिरताना टवका आतल्या पृष्ठभागावर, बाहेर पडताना बाहेरच्या. शवविच्छेदनात डोक्याच्या मागच्या भोकाचा उतार आतल्या बाजूला नोंदला आहे. भेगांचाही नियम आहे. नंतरची भेग आधीच्या भेगेला येऊन थांबते, तिला ओलांडत नाही. त्यावरून क्रम लागतो.

शिवाय फ्रेम 312 ते 313 मध्ये डोकं आधी पुढे जातं, मोजणाऱ्यांनी सुमारे दोन इंच सांगितलं. फिल्म सेकंदाला 18.3 फ्रेमची, दोन फ्रेममध्ये 55 मिलिसेकंद. सव्वा मीटर वेगाने तेवढ्या वेळात 7 सेंटीमीटर होतात. मागून आलेल्या गोळीशी हे जुळतं.

निपाणीकर

ते दोन इंच धुरकट फ्रेमवर मोजलेले आहेत, सर. 313 मध्ये कॅमेराच हलला आहे. ज्या संशोधकाने 1967 मध्ये ते माप प्रसिद्ध केलं, त्यानेच नंतर ते मागे घेतलं.

हाडाचा पुरावा भक्कम, मान्य. पण तो नोंदवला कसा ते बघा. शवविच्छेदन करणाऱ्या, बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयातल्या मुख्य डॉक्टरने आपली टिपणं आणि पहिला मसुदा जाळला. गळ्यातल्या जखमेचा मार्ग उघडून पाहिलाच नाही. डलासच्या डॉक्टरांनी श्वासनळी उघडायला चीर तिथूनच दिली होती, हे त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर कळलं. मेंदू 1966 मध्ये राष्ट्रीय अभिलेखागारात सापडला नाही. आणि 1979 मधल्या संसदीय समितीच्या तज्ज्ञांनी डोक्यातलं प्रवेशाचं भोक मूळ नोंदीपेक्षा सुमारे 10 सेंटीमीटर वर ठरवलं. कवटीवर 10 सेंटीमीटरची चूक म्हणजे मानेजवळ आणि टाळूजवळ एवढा फरक. कोणत्या भोकाचा उतार आपण मोजतोय?

चिकोडीचा_वाचक

एकच गोळी केनेडी आणि गव्हर्नर कॉनली दोघांतून गेली आणि जवळजवळ कोरी निघाली, त्यावर कोणी बोलेल का?

उद्यमबाग_टेस्टबेंच

कोरी नाही. तिचं वजन 158.6 ग्रेन (गोळीच्या वजनाचं छोटं माप) भरलं, नवी असते 161 च्या आसपास. टोक शाबूत दिसतं, पण बुडाकडून बघा: चपटी झाली आहे आणि मागून शिसं बाहेर आलंय. मऊ भागातून जाताना लांब गोळी आडवी होते. मग बरगडीला ती कडेने लागते, मनगटाच्या हाडापर्यंत वेग बराच उतरलेला असतो. तांब्याचं आवरण टोकाला जाड, बुडाला उघडं, म्हणून दाब पडला की शिसं मागूनच येतं. कॉनलींची सीट पुढे, खाली आणि सुमारे 15 सेंटीमीटर आत होती. चित्रांमध्ये दोघांना एका रेषेत सरळ बसवतात, तिथे घोळ होतो.

निपाणीकर, शवविच्छेदनाबद्दल तुम्ही म्हणता त्यातलं काहीच मी खोडत नाही. ते काम वाईट झालं. पण वाईट नोंदीतून पुढची बंदूक सिद्ध होत नाही.

निपाणीकर

मागचीही पूर्ण होत नाही, माझं एवढंच आहे. प्रयोग करायचाच तर कवटी मानेसकट धडावर बसवा, मोकळी ठेवू नका. गोळी कारकानोचीच, वेग लक्ष्यावर मोजलेला. कॅमेरा सेकंदाला हजार फ्रेमचा. आणि उडालेला माल वजन करून दिशेसकट नोंदवा. तुमचे 100 ग्रॅम तिथे तपासता येतील.