जॅझचे नवे अल्बम सुचवा ना

जुनं ब्लू नोट लेबलचं जॅझ भरपूर ऐकून झालंय, आता हल्लीच्या लोकांचं काय ऐकू? पियानो असेल तर उत्तमच.

↳ पियानोवादक विजय अय्यरचा 'कम्पॅशन' घे, २०२४ चा, ईसीएम लेबलवर आलाय. बासवर लिंडा मे हान ओ, ड्रम्सवर टायशॉन सोरी, हेच तिघं २०२१ च्या 'अनइझी'त पण होते. स्टीव्ही वंडरचं 'ओव्हरजॉयड' पण वाजवलंय, हेडफोन लावूनच ऐक, सोरीची झांज किती हळू वाजते ते तेव्हाच कळतं.

↳ सॅक्सोफोनवाला शबाका हचिंग्ज! २०२३ संपताना सॅक्स बाजूला ठेवला आणि २०२४ च्या अल्बमवर बासरी, शाकुहाची (जपानी बांबूची बासरी). नुसता श्वास ऐकू येतो रे, मला तर भरून आलं.

↳ +१, रात्री ऐक.

↳ कम्पॅशन लावलाय, दुसऱ्यांदा चालू आहे 🙏