बत्तिसावा आठवडा, ११८० ग्रॅम. शेजारच्या बाळापेक्षा काळजी जास्त का?

सातारची_आई
माझं बीपी चढलं, डॉपलर सोनोग्राफीत नाळेतला रक्तप्रवाह कमी दिसला, म्हणून बत्तिसाव्या आठवड्यात सिझर केलं. मुलगी ११८० ग्रॅम. आज बारावा दिवस, नळीतून दर दोन तासांनी ८ मिली दूध. शेजारच्या पेटीतलं बाळ एकोणतिसाव्या आठवड्यातलं, वजन १२०० ग्रॅम. त्याच्या आईला सांगितलं, वजन दिवसांना साजेसं आहे. मला मात्र ‘एसजीए’ म्हणाले. माझी तर तीन आठवडे जास्त पोटात राहिली ना? सासूबाई म्हणतात, वजन भरलं की झालं. तेवढंच असतं का हो?

पेटीजवळची_सिस्टर
ताई, एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, चौदा वर्षं काढलीत, हा प्रश्न फार आया मनात ठेवतात. वजन नेहमी आठवड्यांसमोर ठेवून वाचायचं. बत्तिसाव्या आठवड्याला ते साधारण १७०० च्या आसपास असतं. त्या आठवड्याच्या शंभर बाळांत सगळ्यात हलकी दहा, ती एसजीए. शेजारचं बाळ लवकर आलं, पण पोटात नीट पोसलं गेलं. तुमच्या लेकीला वारेतूनच कमी मिळालं. अंगावर चरबी नाही, यकृतात साखरेचा साठा नाही, म्हणून साखर उतरते, अंग गार पडतं. रक्त कमी पडलं की पोटातलं बाळ आतड्यांचं रक्त मेंदूकडे वळवतं. त्यामुळे आतडी नाजूक राहतात, दूध मिलीमिलीने वाढवतात. ते ८ मिली बघून रडू नका, ती काळजीच आहे.

शेजारच्याची फुप्फुसं आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्या जास्त कच्च्या, त्याचे धोके वेगळे. तुलना नको. जन्मावेळचा डोक्याचा घेर तेवढा विचारा. वजन मागे पण डोकं वाढीच्या तक्त्यात बसतंय, हे चांगलं लक्षण.

नऊशेऐंशीची_आई
माझा एकतिसाव्या आठवड्यातला, ९८० ग्रॅम. आता पहिलीत आहे. वजन भरल्यावर आम्ही निर्धास्त झालो आणि डोळ्यांची तारीख चुकणारच होती. दोन किलोखालच्या बाळाचा डोळ्याचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासायलाच हवा, बाळ घरी आलं तरी. सासूबाईंना हेही सांगा. आणि बसणं, रांगणं मोजाल ते प्रसूतीसाठी दिलेल्या तारखेपासून, जन्मतारखेपासून नाही. मी ते न कळल्याने सहा महिने उगाच झुरले.

सातारची_आई
विचारलं. घेर २८ सेंमी, तक्त्यात बसतो. डोळ्यांची तारीख फाइलवर लिहून घेतली. दूध ९ मिली झालंय. उद्यापासून कांगारू, म्हणजे लेकीला उघड्या छातीशी धरायचं, पुढून बटणांचा गाऊन आणायला सांगितलाय.