इराणची क्रांती धर्माने पळवली की धर्मानेच घडवली?

पाऊलवाट

१९७८ साली मी पुण्यात शिकत होतो. तेव्हा शहरात इराणी विद्यार्थी पुष्कळ. माझ्या शेजारच्या खोलीत शिराझचा एक मुलगा राहायचा. त्याला नमाज पढताना मी कधी पाहिलं नाही, मार्क्स मात्र तोंडपाठ. त्या हिवाळ्यात त्याच्याकडे एक कॅसेट आली. कॉपीवरून कॉपी काढलेली, त्यामुळे खरखरच जास्त, आणि त्या खरखरीखाली एका म्हाताऱ्या माणसाचा संथ, एकसुरी आवाज. टेप सैल पडली की तो पेन्सिल घालून गुंडाळायचा आणि पुन्हा लावायचा. आवाज शाहने, म्हणजे इराणच्या राजाने, देशाबाहेर घालवलेल्या आयातुल्ला खोमेनी या धर्मगुरूंचा होता. "तू देव मानत नाहीस, मग हे कशाला ऐकतोस?" असं विचारलं तर म्हणाला, "आमच्याकडे दुसरा कुठला आवाज शिल्लक ठेवलाय?"

इराणचा विषय निघाला की "धर्मांधांनी क्रांती पळवली" हे वाक्य ठरलेलं असतं. मला ते पटत नाही. पंतप्रधान मोसादेघांनी १९५१ साली तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं आणि ऑगस्ट १९५३ मध्ये सीआयए आणि ब्रिटिश गुप्तचरांनी मिळून त्यांचं सरकार उलथवलं. त्यानंतर शाहने एकेक करून सगळं मोडलं. पक्ष गेले, संघटना गेल्या, वर्तमानपत्रं गप्प झाली. १९५७ पासून सावाक हे गुप्त पोलिस दल घरात घुसायला मोकळं होतं. १९७५ साली तर सगळ्या देशाला एकच सरकारी पक्ष. मशिदी तेवढ्या उरल्या, कारण त्यांना कुलूप लावायची हिंमत शाहलाही नव्हती.

जानेवारी १९७८ मध्ये कोम या धर्मशिक्षणाच्या शहरात निदर्शकांवर गोळीबार झाला. शिया रिवाजाप्रमाणे चाळिसाव्या दिवशी मेलेल्यांचा शोक पाळतात. फेब्रुवारीत तबरीझमध्ये तो शोक पाळायला लोक जमले, तिथे गोळ्या चालल्या. त्यांचा चाळिसावा मार्चअखेरीस आला, तेव्हा यझ्दमध्ये तेच झालं. सभेला बंदी घालता येते, मिरवणुकीला परवाना नाकारता येतो. आईने मुलाचा चाळिसावा करू नये, हे कुठल्या कायद्याने सांगणार? हा क्रम धर्मानेच पुरवला. माझ्या मते धर्माने काही पळवलं नाही. सगळं घर मोडल्यावर उभी राहिलेली ती एकच भिंत होती आणि लोक तिला टेकले.

सागरगोटा

पाऊलवाट, चाळिसाव्याचं तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

खोमेनींनी १९७० साली इराकमधल्या नजफमध्ये व्याख्यानं दिली. राज्य धर्मशास्त्र्याच्या हाती असावं, हे त्यांत स्वच्छ सांगितलं होतं. पुढे ती पुस्तकरूपाने निघाली. मग ही भिंत कोण बांधतंय आणि तिच्यावर काय चढवणार आहे, हे नऊ वर्षं आधी जाहीर होतं. तुमच्या मित्राने कॅसेट ऐकली, ती व्याख्यानं वाचली होती का? हा प्रश्न मी दुखवायला विचारत नाही. मला खरंच जाणून घ्यायचंय.

दुसरं म्हणजे बायका. शाहविरुद्धच्या मोर्चांत हजारो बायका होत्या. कित्येक जणींनी एरवी न घेतलेली चादर, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचं इराणी वस्त्र, मुद्दाम निषेध म्हणून घेतली होती. क्रांती जिंकली ११ फेब्रुवारी १९७९ ला. महिना संपायच्या आत घटस्फोट आणि मुलांचा ताबा यांत बायकांना थोडं संरक्षण देणारा १९६७ चा कुटुंब कायदा स्थगित झाला. ७ मार्चला फर्मान निघालं की कचेरीत डोकं झाकून या. ८ मार्चला, महिला दिनी, तेहरानच्या रस्त्यावर हजारो बायका उतरल्या आणि पुढचे काही दिवस उतरत राहिल्या. त्यांच्यावर हल्ले झाले. आणि बहुतेक डावे गट काय म्हणाले? ही वेळ नाही, आधी साम्राज्यवाद. तुमच्या त्या एकुलत्या भिंतीखाली पहिल्या पंचवीस दिवसांत कोण चिरडलं गेलं, हे तुमच्या लेखात कुठेच नाही.

लालबाग

दोघेही मशिदीभोवतीच फिरताय. माझे वडील १९८२ च्या गिरणी संपात होते, म्हणून असेल, पण मला यात आधी कामगार दिसतो. १९७८ च्या शरद ऋतूत तेल कामगार संपावर गेले आणि तेलाचा पैसा आटला. शाह मोडला तो तिथे. रडणाऱ्या गर्दीवर गोळ्या झाडता येतात. बंदुकीच्या धाकावर रिफायनरी चालवायला कामगारच लागतो. संपात कारखान्याकारखान्यांतून कामगारांच्या समित्या उभ्या राहिल्या होत्या. म्हणजे "एकच भिंत उरली होती" हे चूक आहे, पाऊलवाट. दुसरीही होती, आणि नव्या राज्याने ती दोन-तीन वर्षांत पाडली. पळवणं म्हणतात ते हेच.

तुदेह या कम्युनिस्ट पक्षाने खोमेनींना शेवटपर्यंत साथ दिली. १९८३ साली त्याच पक्षावर बंदी आली, पुढारी तुरुंगात गेले आणि टीव्हीवर कबुलीजबाब देताना दिसले. आमच्या घरी डाव्या चळवळीबद्दल फार जिव्हाळा आहे, म्हणून हे जास्त लागतं.

चंद्रभागा

आमच्या घरात तीन पिढ्यांची वारी आहे, तेव्हा मी भाविकाच्या बाजूने लिहिते.

सागरगोटाताई, तुम्ही बायकांचं लिहिलंत, पण कथा १९७९ ला सुरू होत नाही. १९३६ साली या शाहच्या वडिलांनी, रझा शाहने, बुरख्यावर बंदी आणली, तेव्हा पोलिस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरची चादर ओढून काढायचे. कित्येक बायकांनी घराबाहेर पडणंच सोडलं. १९८३ च्या कायद्यात डोकं न झाकल्यास चाबकाचे फटके आले. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये साकेझची बावीस वर्षांची जीना महसा अमिनी हिजाबच्या कारणावरून पकडली गेली, ती पोलिस कोठडीतून जिवंत परत आली नाही. एकाने चादर ओढली, दुसऱ्याने डोक्यावर घातली. हात पोलिसाचाच होता. धर्म सरकारच्या हाती गेला की तो धर्म राहत नाही. आमच्या दिंडीत कुणी कुणाला दांडक्याने चालवत नाही.

आणि धर्मगुरू सगळे एका माळेचे नव्हते. शरियतमदारींनी धर्मशास्त्र्याच्या राज्याला विरोध केला. मोन्ताझेरी तर खोमेनींचे नेमलेले वारस. १९८८ च्या उन्हाळ्यात तुरुंगांत हजारो राजकीय कैद्यांना फाशी दिलं गेलं, तेव्हा त्यांनी खोमेनींना पत्रं लिहून निषेध केला. मार्च १९८९ मध्ये त्यांचं वारसपद गेलं. सर्वोच्च पद हाताशी असताना हे पत्र लिहायला बळ कुठून आलं? मला वाटतं, श्रद्धेतूनच.

वेशीवरचा

युद्ध विसरू नका. सप्टेंबर १९८० मध्ये इराकच्या सद्दामने इराणवर हल्ला केला आणि आठ वर्षं मोठ्या सत्तांनी त्याला रसद पुरवली. वेढलेलं राज्य क्रूर होतंच.

सागरगोटा

वेशीवरचा, १९८८ च्या फाशी युद्धविराम मान्य केल्यानंतरच्या आठवड्यांतल्या आहेत आणि मारलेल्यांतले बहुतेक आधीपासून शिक्षा भोगत होते. युद्धाने त्याचं उत्तर मिळत नाही.

चंद्रभागाताई, मोन्ताझेरींबद्दल माझ्याही मनात आदर आहे. पण पोलिसाचा हात तोच, हे मला पटत नाही. शाहच्या पोलिसाला "तुझा राजा चुकतोय" असं म्हणता येत होतं. म्हणणारा मार खायचा, तरी लोकांच्या नजरेत तो पापी ठरत नसे. देवाच्या नावाने आलेल्या पोलिसाला विरोध केला की माणूस देवाचा शत्रू ठरतो. त्याच आरोपाखाली तिथे माणसं फासावर गेली आहेत, अगदी २०२२ च्या आंदोलनातलीसुद्धा. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं की धर्मातली भक्ती मोक्षाला नेईल, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. तुमच्या वारीतली भक्ती मला प्रिय आहे. तिला तुरुंगाच्या किल्ल्या द्यायच्या नाहीत, एवढंच मी म्हणते.

पाऊलवाट, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

पाऊलवाट

राहिलं खरं. लालबाग, तेल कामगारांचा मुद्दा मी मान्य करतो. तो माझ्या लेखात यायला हवा होता.

सागरगोटा, नाही, वाचली नव्हती. जानेवारी १९७९ मध्ये मी त्याला विचारलं होतं की हे धर्मगुरू उद्या राज्य करायला बसले तर? तो हसला. "म्हातारा कोमला जाऊन शिकवेल, राज्य आम्ही चालवू." फेब्रुवारीत त्याने सगळ्या मजल्यावर पेढे वाटले आणि मे महिन्यात परीक्षा अर्धी टाकून गेला. खोमेनी मार्चमध्ये खरोखरच कोमला गेले होते, वर्षभरात तेहरानला परतले.

मला त्याचं एकच पत्र आलं, १९८१ च्या वसंतात. पूर्वी चार ओळींत तीनदा क्रांती म्हणणाऱ्या त्या मुलाच्या पत्रात राजकारणाचं एक अक्षर नव्हतं. अंगणातल्या नारिंगीला फुलं आलीत, गल्लीभर वास सुटलाय, आई त्यांचा मुरंबा करतेय, असं दीड पान. पाकिटाची कड एकदा उघडून पुन्हा चिकटवलेली होती. मी दोन उत्तरं पाठवली.