शब्दचर्चा: 'टोटेम पोल'ला 'देवकस्तंभ' म्हणावं का?

सातवी-आठवीच्या मुलांसाठी हायडा लोकांवर लेख लिहिते आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ हायडा ग्वाई बेटांवर राहणारा हा छोटा समाज. तीन शब्दांशी अडले आहे. 'हायडा टोळी' लिहू की 'जमात'? 'टोटेम पोल'ला, म्हणजे त्यांच्या उंच कोरीव लाकडी खांबाला, 'देवकस्तंभ' चालेल का? आणि 'पॉटलॅच' या त्यांच्या समारंभाला काय म्हणू?

---

'टोळी' तर नकोच. टोळी दरोडेखोरांची, नाहीतर मुकादमाने जमवलेली ऊसतोडीची. हायडांची ओल्ड मॅसेट आणि स्किडगेट ही नांदती गावं आहेत, अलास्कात भाऊबंद आहेत. ते स्वतःला राष्ट्र म्हणवतात. २०२४ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या सरकारने या बेटांवरचा त्यांचा मूळ हक्क करार करून मान्य केला. 'हायडा' म्हणजेच माणसं आणि 'हायडा ग्वाई' म्हणजे माणसांची बेटं, म्हणून मी नुसतं 'हायडा' लिहीन.

'देवकस्तंभ' मलाही आधी आवडला होता. एकच देवक असलेल्या घरांत आपल्याकडे सोयरीक होत नाही. हायडांतही डोमकावळा आणि गरुड असे समाजाचे दोन भाग आहेत आणि लग्न समोरच्या भागातच करायचं. मात्र मूल आईच्या भागाचं. मुखियाचा मान बापाकडून मुलाकडे न जाता मामाकडून भाच्याकडे जातो. मुलांना हे नक्की सांगा, मामा म्हटलं की त्यांचे कान टवकारतील.

पण देवक आपण बसवतो, पूजतो. हायडांनी या खांबांची पूजा कधीच केली नाही. घराण्याच्या मालकीची चिन्हं त्यावर कोरलेली असतात: अस्वल, बीव्हर, किलर व्हेल. कुठला खांब घराच्या दर्शनी बाजूला, कुठला मृताच्या आठवणीसाठी, तर कुठल्याच्या माथ्यावरच्या पेटीत मृताचे अवशेष. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांना या मूर्ती वाटल्या आणि त्यांच्या दडपणाखाली कितीतरी खांब तोडले गेले. त्याआधी १८६२ च्या देवीच्या साथीने गावंच्या गावं ओस पाडली होती. त्या खांबाच्या नावात आपण पुन्हा 'देव' घालावा, हे माझ्या मनाला पटत नाही.

तसा 'टोटेम'ही त्यांचा शब्द नव्हे. तो दूर पूर्वेला, ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांकडच्या ओजिब्वे लोकांच्या भाषेतून आलेला. हायडा भाषेत या खांबाला 'ग्याआंग' म्हणतात.

---

मग सरळ 'कुळखांब' म्हणा की. सुटसुटीत आहे.

---

सुटसुटीत आहे, पण कूळ म्हटलं की आमच्या कोकणात आधी कूळकायदा आठवतो. 'कुलस्तंभ' बरा, तरी स्तंभ ऐकला की दगड डोळ्यांपुढे येतो. हे सगळं काम लाकडाचं. म्हणून 'घराण्याचा खांब'. लांब आहे, पण अर्थ चोख.

लाकडाचा विषय निघालाच आहे तर हे खांब ज्या झाडाचे, त्या 'रेड सीडर'चं भाषांतर 'देवदार' करू नका. हिमालयातला देवदार वेगळ्या कुळातला. हा थुजा, आपल्या बागांतल्या मोरपंखीचा नातेवाईक, पण उंचीने प्रचंड. त्याच्या सालीचे कपडे, चटया, दोर, फळ्यांची घरं, अख्खं खोड कोरून समुद्रावर जायची होडी. हायडांचा निम्मा संसार या झाडातून निघाला.

---

आणि पॉटलॅच? मी 'मेजवानी' लिहिलं होतं.

---

नको. १८८५ मध्ये कॅनडाने पॉटलॅचवर कायद्याने बंदी घातली, ती १९५१ पर्यंत टिकली. जेवणावळीवर इतकी वर्षं बंदी का, हे 'मेजवानी' वाचून मुलांना कसं कळणार? नवा खांब उभा राहिला, कुणी वारशाचं नाव धारण केलं, की यजमान पाहुण्यांना बोलावून भेटी देतो. भेट घेणारा त्या हक्काचा साक्षीदार होतो. लेखी दस्त नसलेल्या समाजात पाहुण्यांची आठवण हाच सातबारा. बंदी आली ती या नोंदवहीवर.

'आहेर'ही उलटा पडतो, कारण इथे देतो यजमान. 'मानपान' थोडा जवळ जातो, पण त्यात साक्ष नाही. 'पॉटलॅच' तसाच ठेवा. त्या किनाऱ्यावर व्यापारासाठी वापरल्या जाणाऱ्या चिनूक बोलीतला शब्द आहे, अर्थ 'देणं'. पहिल्या वेळी दोन ओळींत उलगडून सांगा.

---

पटलं, तसंच लिहिते. एक राहिलं. आमच्या घरच्या जुन्या नकाशात या बेटांना 'क्वीन शार्लट' म्हटलं आहे. तेही नाव द्यायचं का?

---

एकदाच द्या, 'पूर्वीचं नाव' म्हणून. १७८७ मध्ये डिक्सन नावाच्या इंग्रज कप्तानाने आपल्या जहाजाचं नाव या बेटांना दिलं. २०१० मध्ये हायडांनी ते नाव वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या पेटीत ठेवलं आणि समारंभपूर्वक सरकारला परत केलं. त्या पेटीचं चित्र मिळालं तर लेखात जरूर टाका.