कारवानी पिल्लू: काठी की भाकरीचा तुकडा?

औसेकर
मत मांडतो, मग काय दगड मारायचे ते मारा. मारलेलं कुत्रं फक्त मारणाऱ्याचा हात ओळखायला शिकतं.

आमची बिजली पाच महिन्यांची, कारवानी जातीची कुत्री. शेळीच्या पिलांमागं पळायची. वडिलांनी दोनदा दोरखंडानं झोडपली. वडील दिसले की गरीब गाय, ते बाजाराला गेले की पुन्हा पिलांमागं. वर हाक मारली तरी येईना. पळून आल्यावर जवळ बोलवायचं आणि मग हाणायचं, असं आम्हीच केलं होतं. हाक म्हणजे मार, हे तिनं बरोबर हेरलं.

मग तिच्याच वाट्याची सकाळची भाकर खिशात घेतली. लांब दोर, शेळ्या वीस पावलांवर. पिलावरची नजर काढून माझ्याकडं बघितलं की लगेच "शाब्बास" आणि तुकडा. लगेच म्हणजे लगेच. तुम्ही खिसा चाचपेपर्यंत तिनं कान खाजवला, तर ते कान खाजवल्याचं बक्षीस होतं. महिन्यानं शेळ्या पाच पावलांवर आल्या.

आखाड्यावरचा, परभणी
आमच्या शेतातल्या आखाड्यावर सहा कुत्री होऊन गेली. शिळे तुकडे, एक आरोळी आणि पायताण, एवढ्यावर राखण चोख. तुझं भाकरीवर शिकलेलं कुत्रं चोरानं मटण टाकलं की शेपूट हलवत बसंल. लाचार जनावर राखणीला काय कामाचं?

औसेकर
काका, पायताण खाल्लेलं कुत्रं ते मटण सोडतं का? उपाशी असलं तर आधी खातं.

आधी दाखवून करून घेतली ती लाच. काम झाल्यावर मिळाला तो पगार. आणि "सोड" हेसुद्धा असंच शिकवता येतं. तुकडा मुठीत बंद ठेवायचा. ती चाटंल, ओरबाडंल, आपण गप्प. नाक मागं घेतलं की दुसऱ्या हातातून जास्त चांगला तुकडा. मग तोच खेळ जमिनीवर, मग शेजाऱ्याच्या हातानं. परक्याचं सोडलं की घरचं मिळतं, हे डोक्यात बसायला वेळ लागतो, पण बसतं.

उदगीरची विद्यार्थिनी
मी पशुवैद्यकीयला आहे. 2020 साली पोर्तुगालमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, 92 पाळीव कुत्र्यांवरचा. धाकानं शिकवणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांच्या लाळेत शिकवणीनंतर ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, जास्त वाढलं. दुसरी चाचणी मला जास्त आवडली. एका बाजूला ठेवलेल्या वाटीत खाऊ असतो, दुसऱ्या बाजूच्या वाटीत नसतो, हे आधी शिकवलं. मग वाटी मधोमध ठेवली. जास्त धाकातली कुत्री तिच्याकडं रेंगाळत गेली. चांगलं काही मिळंल ही आशाच कमी.

बीडचा रांगडा
ताई, ती कुत्री गादीवर झोपणारी. आमचं रानडुकरामागं रात्रभर जागतं. त्याची लाळ कुणी तपासली?

उदगीरची विद्यार्थिनी
बरोबर आहे, तो अभ्यास घरगुती कुत्र्यांचाच होता. पण रानातल्या कुत्र्याला भीती वेगळ्या ठिकाणाहून येते असं नाही ना दादा.

हळदवाला, वसमत
मी बक्षिसाच्या बाजूचा, पण औसेकरांनी सोपं करून सांगितलंय. कारवानी नजरेवर शिकार करणारं कुत्रं. ससा उठला की तुमची भाकर गेली उडत, कारण पळणं हेच त्याचं बक्षीस. तिथं काय करता? आणि जन्मभर खिशात तुकडे घेऊन फिरायचं का?

औसेकर
सशापुढं भाकर हरते, मान्य. म्हणून मोकळ्या रानात अजून दोर सोडत नाही. हाकेला आली की भाकरीऐवजी दोरीला बांधलेली चिंधी पळवतो, तिला पाठलाग करू देतो. पाठलाग पाहिजे ना, मग तो माझ्याकडून घे.

खिशाचं म्हणाल तर नवीन गोष्ट शिकताना दर वेळी तुकडा, पक्की झाली की कधी पहिल्याला, कधी पाचव्याला. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर हेच दाखवलं होतं, बक्षीस कधी येईल याचा नेम नसला की काम लवकर सुटत नाही. मटक्याचा आकडा रोज लागत नाही म्हणून कुणी चिठ्ठी लावायचं सोडलंय का?

बीडचा रांगडा
मटक्याचं पटलं 😄 लाळेचं नाही.

आखाड्यावरचा, परभणी
दोन वर्षांमागं आमचा मोत्या टाकलेलं विष खाऊनच गेला. त्याला कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं, ते बी खरं. पण मला सांग, कुत्र्यापुढं घोणस फुत्कारायली, तेव्हा तू खिसा चाचपणार का?

औसेकर
नाही काका, तेव्हा मीही बोंबलीन आणि दोर खेचीन. जीव वाचवणं वेगळं, रोजची शिकवण वेगळी. उलट हाक म्हणजे मार हे डोक्यात असलं, तर घोणशीपुढून ती माझ्याकडं येईल का, याचीच मला जास्त धास्ती आहे.

आखाड्यावरचा, परभणी
हं. ते मुठीचं नवीन पिलावर करून बघतो. पायताण काढून ठेवलं असं समजू नको. आणि बोट चावलं तर पिल्लू तुझ्या दारात आणून बांधीन.