मदत हवी आहे: स्वतःचं चांगलं काम मान्यच न करणाऱ्या सहकारी मुलीला कशी साथ द्यावी?

नमस्कार मंडळी. माझ्या टीममध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी एक मुलगी आहे. रिलीजच्या तोंडावर पेमेंटमधला मोठा बग तिनेच पकडला. मीटिंगमध्ये कौतुक झालं तर म्हणाली, "माझं काही नाही, नशिबाने दिसला." उलट कुणी साधी दुरुस्ती सुचवली की दिवसभर गप्प. आता अप्रेजलच्या फॉर्ममध्ये स्वतःच्या कामाचा रकाना तिने कोराच ठेवलाय.

मला ही नुसती नम्रता वाटत नाही. स्वतःची टिमकी वाजवू नये हे आपल्यावर लहानपणापासून बिंबवलेलं असतं, ते ठीकच. पण मानसशास्त्रज्ञ रूवेन बार-ऑन यांच्या भावनिक बुद्धिमत्तेच्या मॉडेलमध्ये 'सेल्फ-रिगार्ड' हे स्वतंत्र कौशल्य धरलंय: आपली बलस्थानं आणि उणिवा दोन्ही ओळखून स्वतःला स्वीकारणं. तिला फक्त उणिवाच दिसतात. क्लान्स आणि आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली कर्तबगार स्त्रियांमधल्या ज्या 'इम्पोस्टर'पणाबद्दल (यश मिळूनही आपण तोतया आहोत असं वाटणं) लिहिलं, ते हेच असावं.

"छान केलंस" म्हटलं की ती झटकून टाकते. म्हणून मी हल्ली नेमकं सांगते: "रिफंडची केस तू वेगळी तपासलीस, म्हणून बग सापडला." हे ती निदान ऐकून घेते.

तिला केलेल्या कामाची रोज नोंद ठेवायला सांगू का, की त्याचंही दडपण येईल? दुरुस्ती सांगताना ती मनाला लागू नये म्हणून तुम्ही कसं बोलता? यातून स्वतः गेलेल्यांनी कृपया जरूर लिहा, वरिष्ठांच्या कोणत्या वागण्याने तुम्हाला बळ मिळालं? फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचाय.