उत्तर: माशांच्या नावांचा मेनू तिरका का दिसतो

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या मासळी लिलावाची नोंद करायला माशांच्या नावांचा आणि दरांचा मेनू बनवायचा, असा मूळ प्रश्न होता. त्यासाठी बॅशमधलं (लिनक्सवर आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममधलं) 'सिलेक्ट', म्हणजे क्रमांक लावलेला मेनू दाखवणारी आज्ञा, पुरेसं आहे, हे आधीच्या एका उत्तरात म्हटलंय ते पटतं. ओल्या हातांनी बाणांच्या कळा दाबत बसण्यापेक्षा आकडा टाइप करून एंटर मारणं केव्हाही बरं. पण नाव आणि दराचे रकाने सरळ येत नाहीत म्हणून फॉन्ट बदला, हा त्यातला सल्ला चुकीचा आहे. दोष मोजणीत आहे. बॅशचा 'प्रिंटएफ' (ठरलेल्या रुंदीत मजकूर छापणारी आज्ञा) रुंदी अक्षरांत नव्हे, बाइटांत (साठवणीच्या एककांत) मोजतो आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं असतं. 'सुरमई'त ५ चिन्हं म्हणजे १५ बाइट, पण त्यातला उकार वेगळी जागा घेत नाही, म्हणून पडद्यावर साधारण ४ घरं (एकेका अक्षराच्या जागा). 'पापलेट' १८ बाइट, घरं ५. मग २० ची रुंदी देऊन सुरमईमागे ५ मोकळ्या जागा पडतात, पापलेटमागे २, आणि दर डावी-उजवीकडे सरकतात. जोडाक्षरं आली की टर्मिनलागणिक (आज्ञा टाइप करायच्या खिडकीगणिक) आणखी फरक.

सर्वांत सोपा उपाय: क्रमांक आणि दर आधी छापा, नाव ओळीच्या शेवटी. नाव आधीच हवं असेल तर मोकळ्या जागा भरूच नका. नाव छापून एस्केप हे नियंत्रण-चिन्ह, उघडता चौकोनी कंस, २० आणि मोठा जी (G) हे एकापाठोपाठ पाठवा. कर्सर थेट विसाव्या घरात जातो, नाव कितीही लांबीचं असो. फक्त ते त्या घराच्या अलीकडे संपायला हवं, नाहीतर दर त्याच्यावरच छापला जाईल.